ट्रॅक्टरनं एअर घेतली तर: डिझेल लाइनमधली हवा काढायची रीत

रोटाव्हेटर चालू असताना टाकीतलं डिझेल संपलं. कॅनमधलं ओतलं, सेल्फ मारला, इंजिन फिरतंय पण धरत नाही. किंवा डिझेल फिल्टर बदलला, गाडी चालू झाली आणि बांधापर्यंत जाऊन बंद पडली. किंवा पहिल्या सेल्फला सुरू होणारा ट्रॅक्टर हल्ली रोज सकाळी चार-पाच सेल्फ मागतो. तिन्ही वेळी गावात निदान एकच होतं: एअर घेतली. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. चुकतो तो पुढचा उपाय. पाना घेऊन थेट नोजलचे नट सोडायचे आणि बॅटरी उतरेपर्यंत सेल्फ मारत राहायचं, ही सवय मी जागोजागी पाहतो. त्यात बॅटरी जाते, सेल्फ तापतो, डिझेल वाया जातं आणि हवा फिल्टरमध्ये तशीच राहते.

हवा टाकीकडून नोजलकडे, डिझेलच्या वाटेनंच काढायची. आणि ती शिरली कुठून हे सापडेपर्यंत काम संपलं असं समजायचं नाही. या दोन गोष्टी पाळल्या तर हे काम घरच्या घरी, दोन-तीन पान्यांत होतं.

पुढची सगळी माहिती साध्या यांत्रिक डिझेल पंपाच्या ट्रॅक्टरसाठी आहे. तुमचा ट्रॅक्टर सीआरडीआय (म्हणजे कॉमन रेलचा, खूप जास्त दाबाचा) असेल तर पाना उचलण्याआधी खालचा सीआरडीआयचा भाग वाचा. तिथले नियम वेगळे आहेत आणि चूक जिवावर बेतू शकते.

एवढ्याशा हवेनं इंजिन का अडतं

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमध्ये दाबून तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा मारला की तो आपोआप पेटतो. हा फवारा नीट पडायला नोजल ठरावीक दाबालाच उघडावं लागतं. यांत्रिक पंपाच्या ट्रॅक्टरमध्ये तो दाब साधारण २०० बारच्या आसपास असतो. पंपाचा दट्ट्या एका वेळी ढकलतो ते डिझेल जेमतेम थेंबभर. डिझेल दाबलं तरी आकसत नाही म्हटलं तरी चालेल, त्यामुळे दट्ट्याचा धक्का थेट नोजलपर्यंत पोचतो. त्या थेंबाच्या जागी हवेचा बुडबुडा आला तर दट्ट्या नुसता बुडबुडा दाबतो आणि सोडतो. दाब चढत नाही, नोजल उघडत नाही.

विहिरीवरच्या मोटरीचा फुटव्हॉल्व्ह गळायला लागला की पाइपातलं पाणी उतरतं आणि मोटर कितीही फिरवली तरी पाणी फेकत नाही. इथेही तसंच घडतं, फक्त इथे हवेचा एक लहानसा फुगाही पुरतो.

आधी खात्री करून घ्या

पाना लावण्याआधी पाच मिनिटं तपासणीला द्या. टाकीत डिझेल आहे का, हे काट्यावर विसंबून ठरवू नका, स्वच्छ काडी घालून बघा. टाकीखालचा कॉक उघडा आहे का? इंजिन बंद करायचा स्टॉप नॉब पूर्ण आत गेलाय का? त्याची केबल गंजून अर्ध्यावर अडकते आणि माणूस तासभर हवा काढत बसतो. बंद करायला विजेवरचा सोलेनॉइड असेल, तर चावी फिरवल्यावर पंपाजवळ ‘टक्’ असा आवाज यायला हवा. आवाज नसेल तर आधी वायर, फ्यूज आणि बॅटरीची टोकं बघा.

मग दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगून सायलेन्सरकडे बघा. पांढरट धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय पण पेटत नाही; कारण बहुधा थंडी, कमी वेगानं फिरणारा सेल्फ किंवा कमकुवत कॉम्प्रेशन. धूर अजिबातच नसेल तर डिझेल पोचतच नाही. आपलं काम तिथून सुरू होतं.

हवा आणि चोकअप फिल्टर यांत गोंधळ नेहमीचा आहे. हवा असेल तर रेस आपोआप खाली-वर होते, इंजिन मध्येच एखादा ठोका सोडतं, अचानक बंद पडतं. फिल्टर चोक असेल तर मोकळ्यावर गाडी छान चालते आणि लोड आल्यावर हळूहळू दम सोडते. ट्रॉली चढावर लागली की हे लगेच कळतं.

आणखी एक तपासणी बिनखर्चाची आहे. गाडी दम सोडते त्या वेळी टाकीचं झाकण उघडा. ‘फुस्’ असा आवाज होऊन हवा आत गेली आणि गाडी सुधारली, तर झाकणाचं श्वासछिद्र मातीनं बुजलंय. टाकीत पोकळी तयार होते आणि फीड पंपाला (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या लहान पंपाला) डिझेल ओढता येत नाही. छिद्र साफ केलं की काम झालं. झाकण हरवलं म्हणून प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधलेल्या टाक्या मी पाहिल्या आहेत, त्यांचंही हेच होतं.

डिझेलची वाट ओळखा

बॉनेट उघडा आणि टाकीपासून बोट फिरवत जा. टाकी, कॉक, मग काचेची किंवा पारदर्शक प्लास्टिकची वाटी (पाणी आणि गाळ बसायला), तिथून फीड पंप. फीड पंपावरच हातानं दाबायचा प्रायमर असतो, त्याला बरेच जण नुसतं हातपंप म्हणतात. काही गाड्यांवर दांडी असते, तर काहींवर प्रायमर फिल्टरच्या डोक्यावर असतो. पुढे फिल्टर, बऱ्याच ट्रॅक्टरवर दोन, पहिला जाडसर कचरा अडवणारा आणि दुसरा कागदी. फिल्टरनंतर मुख्य डिझेल पंप. त्यातून प्रत्येक सिलिंडरला एक अशा जाड, कडक लोखंडी नळ्या नोजलपर्यंत जातात. नोजलवरून आणि पंपावरून उरलेलं डिझेल बारीक रिटर्न पाइपानं परत जातं.

या वाटेचे दोन भाग डोक्यात पक्के बसवा. टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढलं जातं. फीड पंपापुढे ते ढकललं जातं. ढकलण्याच्या बाजूला सांधा ढिला असेल तर डिझेल बाहेर गळतं, ओल दिसते. ओढण्याच्या बाजूला सांधा ढिला असेल तर इंजिन चालू असताना बाहेरची हवा आत जाते, आणि बाहेर थेंबही दिसत नाही. म्हणून ओल दिसते तेवढीच जागा आवळून काम भागत नाही. हवा बहुतेकदा कोरड्या दिसणाऱ्या सांध्यातून येते.

तयारी

इंजिन गरम असेल तर थंड होऊ द्या. तापलेल्या सायलेन्सरवर किंवा मॅनिफोल्डवर डिझेल सांडलं तर आग लागू शकते. बिडी-सिगारेट लांब. ट्रॅक्टर सपाट जागी, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, पीटीओ (औजार फिरवणारा मागचा दांडा) बंद, औजार जमिनीवर टेकवलेलं. सेल्फ मारायला जो माणूस असेल तो सीटवर बसलेला असावा. खाली उभं राहून सेल्फचे टर्मिनल जोडून इंजिन फिरवायचा प्रकार करूच नका. गिअरमध्ये असलेला ट्रॅक्टर त्या क्षणी अंगावर येतो, आणि असे मृत्यू झालेले आहेत.

साहित्य थोडंच: एअर स्क्रूला लागणारे लहान पाने (बहुधा ८, १० किंवा १२ नंबर), बँजो बोल्टला (पाइप जोडणारा, आतून डिझेल जाणारा पोकळ बोल्ट) आणि नोजलच्या नटाला १७ आणि १९ नंबरचे पाने, स्वच्छ सुती फडकं, डिझेल धरायला उथळ भांडं, तांब्याचे नवे वायसर. शक्य तिथे रिंग पाना वापरा, उघड्या तोंडाच्या पान्यानं मऊ धातूच्या स्क्रूचे कोपरे गोल होतात. सुरुवातीला फिल्टर, पंप आणि सगळे सांधे फडक्यानं पुसून घ्या. सांधा सोडताना त्यावरची माती आत गेली तर ती हवेपेक्षा महागात पडते, कारण पंपाचे आणि नोजलचे भाग अगदी घट्ट मापाचे असतात आणि धुळीच्या कणानंही घासतात. सुताचे धागे सोडणारा कापसाचा बोळा त्यासाठीच नको.

पायरी १: टाकी आणि वाटी

टाकीत निदान निम्मं डिझेल भरा. टाकी वरच्या बाजूला असलेल्या ट्रॅक्टरवर डिझेल स्वतःच्या वजनानं फिल्टरपर्यंत उतरतं, निम्मं काम तिथेच होतं. टाकी खाली किंवा बाजूला असेल तर सगळा भार प्रायमरवर येतो. कॅनमधून ओततांना बारीक जाळी किंवा स्वच्छ कापड लावा आणि कॅनच्या तळाचे शेवटचे दोन पेले ओतू नका. पाणी आणि कचरा तिथेच असतो.

मग काचेची वाटी बघा. तळाला पाण्याचा थर असेल तर कॉक बंद करून वाटी काढा, धुऊन पुसून परत बसवा. वाटीच्या वरच्या कडेची रबर किंवा कॉर्कची रिंग कडक झाली असेल, चिरली असेल तर बदला. ही रिंग ओढण्याच्या बाजूला आहे आणि हवा शिरायची ही अगदी नेहमीची जागा. वाटीची तार किंवा नट हातानं घट्ट एवढंच. पक्कडीनं आवळलं तर काच तडकते. बसवल्यावर कॉक उघडा आणि वाटी भरू द्या.

पायरी २: पहिला फिल्टर

फिल्टरच्या डोक्यावर एक लहान स्क्रू किंवा बोल्ट असतो, तो एअर स्क्रू. दोन फिल्टर असतील तर बहुधा दोन. पहिल्या फिल्टरचा स्क्रू दीड-दोन आटे सोडा. पूर्ण काढू नका. त्याखालचा वायसर पडून हरवतो आणि परत लावताना आटे वाकडे धरले जातात. फिल्टरचं डोकं मऊ धातूचं असतं, त्याचे आटे एकदा गेले की तो सांधा कायमचा हवा घेणारा होतो.

आता प्रायमर. गोल मुठीचा असेल तर मूठ डावीकडे फिरवून आधी मोकळी करावी लागते, मग ती वर येते. दांडीचा असेल तर सरळ वर-खाली. सावकाश, पूर्ण लांबीचा झटका द्या. घाईघाईनं अर्धे झटके मारले तर डिझेल चढत नाही. आधी नुसती हवा, मग फेस, मग बुडबुडे मिसळलेलं डिझेल येईल. फेस संपला तरी लगेच थांबू नका, मध्येच एखादा मोठा बुडबुडा येतो. अखंड, स्वच्छ धार दिसली की प्रायमर दाबत असतानाच स्क्रू आवळा. हात थांबवून मग आवळला तर शेवटच्या क्षणी हवा परत आत ओढली जाऊ शकते. एकटे असाल तर एका हातात पाना, दुसऱ्या हातात प्रायमर, हे जमतं.

पायरी ३: दुसरा फिल्टर

तीच कृती दुसऱ्या फिल्टरवर. कागदी फिल्टर नवा असेल तर कागद भिजायला आणि वाटी भरायला बरेच झटके लागतात. इथे कंटाळून माणसं पुढे जातात, आणि तासाभरानं गाडी परत बंद पडते. लाइनमधली सगळ्यात जास्त हवा फिल्टरच्या वाट्यांच्या वरच्या भागात साठलेली असते, कारण हवा वर चढते आणि वाटी ही वाटेतली सगळ्यात मोठी जागा. माझा अनुभव असा, की फिल्टरवर दहा मिनिटं मनापासून दिली तर नोजलला हात लावायची वेळ क्वचितच येते.

पायरी ४: डिझेल पंप

इथे आधी आपला पंप कोणत्या जातीचा ते बघा. एका ओळीत उभे नळी-सांधे असतील, तीन सिलिंडरला तीन, तर तो इनलाइन पंप. गॅरेजवाले त्याला मायको पंप म्हणतात. मायको कंपनीचं नाव २००८ साली बॉश झालं, तरी बोलण्यात जुनंच नाव राहिलंय. पंपाच्या एका टोकाला नळ्या गोलाकार जोडलेल्या असतील तर तो रोटरी पंप.

इनलाइन पंपाच्या अंगावर, डिझेल आत येतं त्या बाजूला वरच्या अंगाला एक-दोन एअर स्क्रू असतात. तो सोडायचा, प्रायमर मारायचा, बुडबुडे संपले की प्रायमर दाबतच आवळायचा. दोन असतील तर डिझेल आत येण्याच्या जागेजवळचा आधी, लांबचा नंतर.

रोटरी पंपावर, विशेषतः जुन्या डीपीए जातीच्या पंपावर, दोन जागा असतात. एक खाली, नळ्या जोडलेल्या भागाच्या बोल्टवर; दुसरी वर, गव्हर्नरच्या (इंजिनचा वेग सांभाळणाऱ्या भागाच्या) झाकणावर. दोन्ही सोडून प्रायमर मारा. खालच्या जागेतून स्वच्छ धार आली की ती आधी आवळा, वरची त्यानंतर. हा पंप आतून फक्त डिझेलवरच वंगण घेतो. हवा भरलेल्या पंपाला मिनिटभर सेल्फवर फिरवत ठेवणं म्हणजे त्याला कोरडं घासणं. म्हणून रोटरी पंप असेल तर आधी प्रायमर, मगच सेल्फ, यात तडजोड नको.

काही नव्या ट्रॅक्टरवर पंपाला वेगळा एअर स्क्रू नसतोच, उरलेली हवा ओव्हरफ्लोच्या वाटेनं आपोआप टाकीत जाते. तिथे फिल्टरची हवा काढून प्रायमर कडक होईपर्यंत मारला की पुरे.

आता प्रायमरची मूठ दाबून उजवीकडे फिरवून घट्ट बसवा. ही मूठ मोकळी राहिली तर इंजिन चालू असताना तिथूनच हवा किंवा डिझेलची गळती सुरू होते. सगळं केलं आणि गाडी अर्ध्या तासात परत बंद पडली, तर पहिली नजर या मुठीकडे टाका.

पायरी ५: सेल्फ

रेस पूर्ण उघडा, स्टॉप नॉब आत, आणि सेल्फ मारा. एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त नाही. मध्ये अर्धा ते एक मिनिट थांबा, म्हणजे सेल्फ निवेल आणि बॅटरी सावरेल. दोन-तीन वेळात इंजिन ठोके द्यायला लागतं, आधी एका सिलिंडरवर धडधडत, मग तिन्हीवर. धरलं की लगेच रेस कमी करा. पाच-दहा मिनिटं मध्यम रेसवर चालू द्या, उरलेले बारीक बुडबुडे रिटर्ननं निघून जातात.

एअर फिल्टरमध्ये ईथरचा (पटकन पेटणाऱ्या स्टार्टिंग स्प्रेचा) फवारा मारून इंजिन जबरदस्तीनं धरायला लावू नका. डिझेल पोचत नसेल तर इंजिन दोन ठोके देऊन परत थांबतं, आणि त्या दोन ठोक्यांत पिस्टन-रिंगला धक्का बसतो.

पायरी ६: नोजल, गरज पडलीच तर

तीन-चार सेल्फनंतरही धूर नाही, तर हवा कडक नळ्यांमध्ये अडकली आहे. इथे सावकाश. एका नळीचा नोजलकडच्या टोकाचा नट पुसून घ्या आणि अर्धा ते एक आटा ढिला करा. पंपाकडचं टोक सोडू नका. नटाखाली फडकं ठेवा, हात लांब, चेहरा बाजूला. दुसऱ्यानं सेल्फ मारावा. आधी फेस, मग ठोक्याठोक्यानं स्वच्छ डिझेल उसळायला लागलं की सेल्फ थांबवून नट आवळा. मग पुढचं सिलिंडर. बहुधा दोन सिलिंडर मोकळी झाली की इंजिन धरतं आणि उरलेलं स्वतः हवा फेकून देतं. नट ढिला असतानाच इंजिन धरलं तर लगेच बंद करून आवळा.

चालू इंजिनवर नोजलचे नट ढिले करून ‘कुठलं सिलिंडर मारत नाही’ ते बघायची पद्धत मिस्त्री लोक वापरतात. तुम्ही वापरू नका. बारीक फटीतून दाबानं निघालेली डिझेलची धार कातडी भेदून आत जाते. बाहेर सुई टोचल्याएवढी खूण दिसते, सुरुवातीला दुखतही नाही, पण डिझेल आत पसरून बोट किंवा हात गमवायची वेळ येऊ शकते. असं झालं तर हळद लावून सकाळची वाट बघू नका. शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात त्याच वेळी जा आणि डॉक्टरांना ‘दाबानं डिझेल आत गेलंय’ असं स्पष्ट सांगा. गळती कुठे आहे हे चाचपायला हात कधी फिरवू नका, पुठ्ठ्याचा तुकडा धरा.

प्रायमर मारूनही डिझेल येत नसेल

दांडीच्या प्रायमरला विरोधच जाणवत नाही, असं झालं तर घाबरू नका. फीड पंप ज्या कॅमवर चालतो तो कॅम नेमका उंचवट्यावर थांबलेला असू शकतो. सेल्फला हलकासा झटका देऊन इंजिन थोडं फिरवा आणि परत मारून बघा.

मुठीचा प्रायमर नुसताच पोकळ हलतो आणि डिझेल ओढत नाही, तर फीड पंपाच्या आतल्या दोन एकदिशा व्हॉल्व्हपैकी एखाद्यात कचरा अडकलाय किंवा प्रायमरचं रबर झिजलंय. फीड पंपात डिझेल शिरतं तिथे बऱ्याच पंपांत बारीक जाळी असते, ती कित्येक गाड्यांवर कधीच साफ केलेली नसते. बँजो बोल्ट काढून ती बघा. टाकीच्या तळाची जाळीही त्याच यादीत घ्या. कॉकजवळचा पाइप सोडून भांड्यात डिझेल किती जोरानं येतं ते पाहिलं की टाकीकडचा अडथळा लगेच कळतो. धार करंगळीएवढी हवी, थेंब थेंब नको.

पडद्याचा फीड पंप असेल तर आणखी एक गोष्ट. पडदा फाटला की डिझेल इंजिनच्या ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसतं, पातळ लागतं, डिझेलचा वास येतो. अशा वेळी इंजिन चालवूच नका. पंप बदला, ऑइल बदला, मग हवा काढा.

हवा शिरते कुठून

डिझेल संपून हवा गेली असेल तर काढली की विषय मिटला. पण आठवड्यात दुसऱ्यांदा हवा काढावी लागली तर कुठेतरी वाट उघडी आहे, आणि ती शोधायला क्रम लागतो.

आधी प्रश्न विचारा की त्रास कधी होतो. रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी त्रास, दिवसभर ठीक, म्हणजे उभ्या गाडीत डिझेल मागे टाकीकडे उतरतंय. एकदिशा व्हॉल्व्ह किंवा फिल्टरच्या वरचा एखादा सांधा बघा. टाकी पाव भरली की त्रास आणि भरलेली असताना नाही, म्हणजे टाकीच्या आत डिझेल ओढणारी नळी वर चिरली आहे, किंवा उतारावर डिझेल एका कडेला गेल्यानं तिचं तोंड उघडं पडतंय. डोंगरउताराच्या रानात काम असेल तर टाकी निम्म्याखाली जाऊ न देणं हाच सोपा उपाय. चालताना कधीही बंद पडते, म्हणजे ओढण्याच्या बाजूचा सांधा.

रबरी पाइप हाताने दुमडून बघा. उन्हानं कडक झालेला पाइप बाहेरून धड दिसतो आणि क्लिपखाली बारीक चिरलेला असतो. तारेनं आवळलेला पाइप हमखास हवा घेतो, तार दोनच जागी दाबते आणि मध्ये फट राहते. वीस-तीस रुपयांची पट्टीची क्लिप लावा. बँजो बोल्टचे तांब्याचे वायसर एकदा दाबले की कडक होतात. सांधा सोडला की नवे घाला. दुकान लांब असेल तर जुना वायसर लाल होईपर्यंत तापवून थंड केला की तांबं मऊ होतं आणि तेवढ्यापुरता चालतो. अॅल्युमिनियमच्या वायसरवर हा प्रयोग नको.

तरी सापडत नसेल तर दोन युक्त्या. संशयित सांध्यावर ग्रीसचा जाड थर लिंपा आणि गाडी चालवा. त्रास थांबला तर जागा सापडली. एकेक सांधा करत जा, सगळ्यांना एकदम लिंपलं तर काहीच कळणार नाही. दुसरी युक्ती जास्त खात्रीची. स्वच्छ कॅनमध्ये पाच लिटर डिझेल घेऊन तो बॉनेटपेक्षा उंच बांधा, आणि त्यातला पाइप थेट फीड पंपाच्या तोंडाला जोडा. म्हणजे टाकी, कॉक, वाटी, त्यांचे पाइप सगळे बाजूला. हवा काढून अर्धा तास चालवा. गाडी नीट चालली तर दोष टाकी ते फीड पंप याच पट्ट्यात आहे. तरीही बंद पडली तर फीड पंप, प्रायमर किंवा त्यापुढे शोधा. फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक पाइप तात्पुरता लावला तर येणारे बुडबुडे डोळ्यांनीच दिसतात.

फिल्टर बदलताना

हवेची निम्मी कटकट फिल्टर बदलताना तयार होते. जुनी रबर रिंग डोक्याला चिकटून राहते आणि तिच्यावर नवी बसवली जाते. दोन रिंगा एकीवर एक कधीच बसत नाहीत. खाचेत नख फिरवून बघा. नव्या रिंगेला डिझेलचं बोट लावा. मधला बोल्ट बसेपर्यंत वाटी सरळ धरा, नंतर आवळून वाकडी रिंग सरळ होत नाही.

नवा फिल्टर आधीच डिझेलनं भरून बसवावा का? पहिला भरा, हरकत नाही. दुसरा, कागदी, भरू नका. तुम्ही वरून ओतलेलं डिझेल कुठल्या बाजूला उतरेल सांगता येत नाही, आणि गाळलेल्या बाजूला पडलं तर ते न गाळता थेट पंपात जातं. तो प्रायमरनंच भरा, हात दुखले तरी चालतील. दोन्ही फिल्टर एकाच दिवशी बदलायचे असतील तर आधी पहिला बदलून त्याची हवा काढा, मग दुसरा.

पावसाळ्यात आणि थंडीत टाकी संध्याकाळी भरून ठेवा. रिकाम्या टाकीच्या आतल्या बाजूला रात्री दव धरतं, ते पाणी खाली बसतं, गंज सोडतो आणि तो गंज जाळ्या बुजवतो. ऊस वाहतुकीच्या हंगामात गाडी रात्रंदिवस चालते, तेव्हा वाटीतलं पाणी सोडणं रोजच्या ऑइल बघण्याबरोबर करा.

सीआरडीआय ट्रॅक्टर

१ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरना ट्रेम-४ हे धुराचे नियम लागू झाले आणि त्यांवर सीआरडीआय इंजिनं आली. यांच्या कॉमन रेलमध्ये दाब हजार बारच्याही वर जातो. इथे नोजलचे किंवा रेलचे नट ढिले करून हवा काढायची नाही, सेल्फवरही नाही. काम फक्त कमी दाबाच्या बाजूला: वाटीतलं पाणी सोडा, फिल्टरवरचा प्रायमर कडक होईपर्यंत मारा किंवा विजेवरचा पंप असेल तर चावी ‘ऑन’ करून थोडा वेळ ठेवा, दोन-तीनदा तसं करा, मग सेल्फ मारा. तेवढ्यानं धरलं नाही तर थांबा आणि कंपनीच्या माणसाला बोलवा. कडक नळ्या सोडल्यावर पुन्हा त्याच वापरू नयेत, असं बऱ्याच इंजिनांच्या पुस्तिकांत सांगितलेलं असतं.

कधी थांबायचं

यांत्रिक पंपातही एक सीमा आहे. फिल्टरपर्यंत स्वच्छ धार, पंपाच्या स्क्रूतून स्वच्छ धार, आणि नोजलच्या नटातून मात्र काहीच नाही, तर पंपाच्या आत रॅक (डिझेलचं माप कमी-जास्त करणारी दांडी) अडकलाय किंवा दट्ट्या-डिलिव्हरी व्हॉल्व्हचं काम निघालंय. हा पंप घरी उघडू नका. त्याची मापं टेस्ट बेंचवर लागतात, आणि पंप बसवताना टायमिंगची खूण जुळवावी लागते. पंपवाल्याकडे नेताना नळ्यांची आणि पंपाची सगळी तोंडं स्वच्छ प्लास्टिकनं बांधा, आणि आतापर्यंत कुठपर्यंत डिझेल येतंय ते त्याला सांगा. त्याचा अर्धा दिवस वाचतो आणि तुमचे पैसेही.

टूलबॉक्समध्ये दोन-दोन तांब्याचे वायसर प्रत्येक मापाचे, वाटीची एक रिंग, हातभर डिझेलचा पाइप, चार क्लिपा, एक जादा फिल्टर आणि धुतलेलं फडकं, हे सगळं एका झाकणाच्या डब्यात ठेवा, म्हणजे टूलबॉक्समधलं ग्रीस आणि माती त्याला लागणार नाही.